समुद्राविना खार

१९३० च्या एप्रिलमध्ये दांडीचे लोण देशभर पसरले, तेव्हा कोकणपट्टीतल्या सत्याग्रहींना मीठ कुठून आणायचे हा प्रश्न पडला नाही. समुद्र दाराशी होता. वऱ्हाडचे काय? अकोला समुद्रापासून चारशे किलोमीटरहून लांब आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंच. तरीही वऱ्हाडने मिठाचा कायदा मोडला, आणि तोही घरच्याच मिठावर. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला आणि अमरावती जिल्ह्यातल्या भामोदला विहिरीच अशा खाऱ्या, की पाणी आटवले की भांड्याच्या तळाशी मीठ उरे. वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी ही वऱ्हाडची पुढारी मंडळी त्या चळवळीत अग्रभागी होती.

या विहिरी काही सत्याग्रहासाठी खोदलेल्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकातही पूर्णा नदीच्या खोऱ्यात विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढले जाई. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. विन यांनी १८६९ मध्येच या खोऱ्यावर टिपण प्रसिद्ध केले होते. आज या पट्ट्याला सगळा वऱ्हाड ‘खारपाणपट्टा’ म्हणूनच ओळखतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचा पसारा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर आहे. भातकुली, दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, नांदुरा असा पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा हा पट्टा. इथल्या कित्येक विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही. ‘खारपाणात पोरगी द्यायची नाही’ हे वाक्य सोयरिकीच्या बैठकीत आजही ऐकू येते.

समुद्र नाही, खाडी नाही, मग हा खार आला कुठून?

गाळाने भरलेली दरी

पूर्णा नदी सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात उगम पावते. वऱ्हाडच्या सपाटीवर उतरते, पश्चिमेला वळते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे ही सखल दरी. गाविलगडच्या पायथ्याशी जमिनीच्या कवचात मोठा भ्रंश आहे. त्या भ्रंशालगत दक्षिणेकडचा भाग खचला आणि काळ्या पाषाणाचा तळ असलेले एक लांबट खोलगट भांडे तयार झाले. पूर्णा आणि तिला मिळणाऱ्या शहानूर, चंद्रभागा, पेढी, काटेपूर्णा, मोर्णा, मन, वान या नद्यांनी लाखो वर्षे त्यात गाळ ओतला. या गाळाची जाडी काही ठिकाणी तीनशे मीटरहून अधिक भरते. म्हणजे दर्यापूरच्या एखाद्या वावरात उभे राहिले, तर पायाखालचा कातळ कुतुबमिनारच्या चौपट खोलीवर असू शकतो.

इथे कधीकाळी समुद्र होता आणि तो मीठ टाकून गेला, असे अनेकांना वाटते. कल्पना आकर्षक आहे, पण हा गाळ समुद्राचा नव्हे, नद्यांचा आहे. डोंगरातला पाषाण झिजून आलेली माती, वाळू, गोटे यांचाच तो थर. त्यातला खारही त्याच पाषाणातून आला आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम ही तिन्ही मूलद्रव्ये बांधलेली असतात. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाषाणाला भिडते, त्याला हळूहळू कुरतडते आणि हे क्षार सोडवून घेते. जगातल्या प्रत्येक पाषाणावर हेच चालते. फरक पुढे पडतो. पाण्याला वाट मिळाली तर क्षार वाहून जातात, वाट नसेल तर तिथेच राहतात.

कोकणात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पाषाणातून सुटलेले क्षार धुऊन समुद्रात नेतो. वऱ्हाडात सात-आठशे मिलिमीटर पडतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वर्षभरात जितके पाणी पडते त्याहून कितीतरी जास्त पाणी ऊन आणि वारा मिळून उडवू शकतात. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. त्यात ही दरी सपाट, गाळ बारीक आणि जमिनीखालचे पाणी कासवाच्या गतीने सरकणारे. मधल्या पट्ट्यात खार साचत गेला तो असा.

याचा उलटा पुरावा दरीच्या कडेलाच आहे. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी भरड गोट्या-वाळूचा थर आहे. डोंगरातून आलेले पाणी त्यातून झरझर खाली उतरते. म्हणून तिथल्या विहिरी गोड. अंजनगाव-सुर्जीकडचे पानमळे आणि पानपिंपरी, अकोटच्या वरच्या अंगाची केळी, परतवाड्याकडची संत्री ही सगळी या गोड्या कडेची पिके. तिथून दक्षिणेला काही किलोमीटर खाली उतरले की मळे संपतात आणि नुसत्या पावसावरची कपाशी, तूर, मूग, हरभरा सुरू होतो.

खाडीचा चिखल आणि वऱ्हाडची काळी

खारी माती खाडीकाठच्या खारफुटीच्या चिखलातही भेटते. महाराष्ट्रातल्या या दोन खाऱ्या मातींची तुलना केली की दोन्ही नीट उमगतात.

खाडीच्या चिखलात मीठ बाहेरून येते. दिवसातून दोनदा भरती ते आणते आणि ओहोटी त्यातले काही परत नेते. चिखल कायम भिजलेला असल्याने आत हवा शिरत नाही. प्राणवायूविना जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. त्यातले गंधक लोहाशी जोडले जाऊन चिखल काळा पडतो. शहरांच्या सांडपाण्यातून आणि कारखान्यांतून आलेले शिसे, तांबे, जस्त, पारा यांसारखे धातू हाच काळा चिखल धरून ठेवतो. तोच चिखल भराव घालून, बांध बांधून कोरडा केला, की गंधकाला हवा लागते, आम्ल तयार होते आणि धरून ठेवलेले धातू मोकळे होतात. थोडक्यात, खाडीच्या मातीचे दूषण बाहेरून येते आणि पाणी तोडले की उसळते.

वऱ्हाडची काळी याच्या अगदी उलट. तिचा खार बाहेरून येत नाही, तो तिच्यातच घडतो. खाडीच्या मातीला पाण्याची ये-जा सांभाळते, वऱ्हाडच्या मातीला पाण्याचे थबकणे नासवते. आणि इथला खरा अपराधी मीठ नाहीच.

चुना बसतो, सोडियम उरतो

शेतकऱ्याला दोन वेगळे रोग माहीत असतात. एक खारवट जमीन. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरे फूल येते, तिच्यात मीठ जास्त असते. दुसरी चोपण. ती वरून काळीच दिसते, पण ओली झाली की बुळबुळीत चिकट आणि वाळली की दगड. वऱ्हाडच्या भूजलात मिठाचे प्रमाण जास्त आहे, पण जमिनीची मुख्य व्यथा चोपणपणाची, म्हणजे सोडियमची आहे.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी गेल्या तीन-चार दशकांत या खोऱ्यातल्या मातीचे खड्डे खोदून तिची रीतसर तपासणी केली. त्यातून चोपणपणाची साखळी उलगडली. पाऊस कमी आणि ऊन जास्त असले, की मातीतल्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेटशी जुळून चुनखडीच्या रूपात बाहेर पडते. वऱ्हाडच्या काळ्या मातीत खोदताना लागणारे पांढरे खडे ते हेच. चुनखडी सहज विरघळत नाही. म्हणजे कॅल्शियम बाद झाले. सोडियमचे क्षार मात्र पाण्यातच राहतात. जसजसे कॅल्शियम बसत जाते, तसतसा मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो, आणि खोल जावे तसा तो जास्त भेटतो. माणसाने पाण्याचा एक थेंब दिला नाही तरी ही क्रिया चालूच असते. खारपाणपट्ट्यातल्या चोपण जमिनी मुळात निसर्गानेच घडवलेल्या आहेत.

पेढी नदीच्या पाणलोटातल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या रानातही थोडे उंचवटे आणि थोडे खोलगट भाग असतात. सखल जागी खार जास्त साचत असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात चोपण जमीन निघाली उंचवट्यावर. उंचवट्यावरचे पाणी घसरून जाते, आत मुरत नाही, त्यामुळे तिथे चुनखडी बसते आणि सोडियम वाढतो. खोलगट भागात पाणी जमून मुरते आणि सोडियम खाली धुतला जातो. एकाच धुऱ्याच्या आत दोन तऱ्हेच्या जमिनी का, या कोड्याचे हे उत्तर.

पेलाभर पाण्यातली परीक्षा

सोडियम मातीचे नेमके काय करतो, हे घरी पाहता येते. शेतातले वाळलेले, हरभऱ्याएवढे ढेकूळ घ्या. काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्या. विहिरीचे पाणी चालणार नाही, कारण त्यात आधीच क्षार असतात. ढेकूळ अलगद सोडा आणि पेला हलवू नका. चांगल्या काळ्या मातीचे ढेकूळ फुटते, पसरते, पण भोवतीचे पाणी निवळ राहते. चोपण मातीच्या ढेकळाभोवती काही वेळात धुके पसरू लागते आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असते. ते धुके म्हणजे मातीचे सुटे झालेले अतिसूक्ष्म कण.

काळ्या मातीतली चिकणमाती पापुद्र्यांची बनलेली असते. कॅल्शियम हे पापुद्रे जवळ धरून ठेवते, म्हणून कण एकमेकांना बिलगून राहतात आणि त्यांच्यामध्ये पाणी जायला जागा उरते. सोडियमची पकड ढिली. तो आपल्याभोवती पाण्याचे कवच घेऊन पापुद्र्यांत शिरतो आणि त्यांना दूर लोटतो. सुटलेले कण वाहत जाऊन मातीच्या बारीक छिद्रांत बुचासारखे बसतात. मग आषाढात चार तास पाऊस झाला की वावर चिबडते, आठवडाभर वाफसा येत नाही, वखर-डवऱ्याला रान हाती लागत नाही. त्यानंतर तीन आठवडे उघाड पडली की पीक मान टाकते, कारण पाणी खाली उतरलेलेच नसते, आणि जे असते ते चिकणमाती मुळांना सोडत नाही. एकाच हंगामात, एकाच वावरात आधी ओल आणि मग दुष्काळ.

यात एक मेख आहे. पाण्यात मीठ भरपूर असले की हे कण सुटत नाहीत, उलट गोळा होतात. खाडीच्या मातीत सोडियम कितीतरी जास्त असूनही ती असा दगा देत नाही, ते त्यामुळेच. पण वऱ्हाडात पडणाऱ्या पावसात मीठ नसते. त्या गोड्या पाण्याने वरचे मीठ धुतले जाते, कणांवरचा सोडियम तसाच राहतो आणि माती विस्कटते. अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये चोपण जमिनीची सीमा ठरवली होती ती अशी, की कणांवर धरलेल्या क्षारांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांहून जास्त हवा. ऑस्ट्रेलियाने आपल्या मातीसाठी ती ६ टक्क्यांवर आणली. पूर्णा खोऱ्यातल्या अभ्यासात तर ५ टक्क्यांच्या पुढेच माती पाणी मुरवेनाशी होते असे दिसले. बाहेरचा आकडा लावला तर इथली कित्येक रोगट वावरे कागदावर निरोगी ठरतील.

बोअरचे पाणी, नवे दूषण

निसर्गाने घडवलेल्या या दोषात माणसाने भर घातली ती पंप आणि बोअरवेलने. हरभऱ्याला एखादे पाणी मिळाले तर पीक दुप्पट, हा हिशेब कुणालाही पटेल. म्हणून बोअर मारला जातो, पाणी लागते, पण ते खारे. पहिल्या वर्षी पीक बरे येते. त्या पाण्यात मीठ असल्याने माती विस्कटत नाही, उलट जरा भुसभुशीतच वाटते. शेतकऱ्याचा विश्वास बसतो. पुढचा पावसाळा मात्र वरचे मीठ धुऊन नेतो आणि बोअरच्या पाण्यातून कणांवर चढलेला सोडियम मागे ठेवतो. तीन-चार वर्षांत वावर हातचे जाते. ज्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने बायकार्बोनेट जास्त, ते पाणी याहून घातक, कारण ते मातीत उरलेसुरले कॅल्शियमही चुनखडी करून बसवते.

धरणाचे गोडे पाणी आणले की प्रश्न सुटेल, हा दुसरा भाबडा समज. निचऱ्याची सोय न करता पाणी दिले की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते आणि खोलातला खार मुळांपर्यंत पोहोचतो. महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. नीरा डाव्या कालव्यावर बारामतीकडच्या जमिनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या आणि तिथे चर खोदून निचरा करावा लागला. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठची उसाची रानेही त्याच वाटेने गेली. फार मागे जायचे तर इराकमधली सुमेर संस्कृती आहे. कालव्यांखालची जमीन खारावत गेली तसा तिथे गहू मागे पडला आणि खार सोसणारा जव पुढे आला, असे थॉर्किल्ड जेकबसन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९५८ मध्ये मांडले. पूर्णेवर नेरधामणाचा बॅरेज आणि जिगावचा प्रकल्प उभा राहत असताना हा इतिहास नजरेआड करून चालणार नाही.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. तिथे गोडे पाणी आणणे हाच उपाय, आणि तो झालाही. वान धरणावरची ८४ खेडी योजना अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना पाणी देते, शहानूरचे पाणी अंजनगाव-दर्यापूरकडे जाते. मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा या पट्ट्यातल्या अनेक गावांत आहे. त्याचे खापर एकट्या मिठावर फोडणे घाईचे होईल, कारण ऊन, कमी पाणी पिणे, मधुमेह, रक्तदाब यांचाही हात असू शकतो. पण नळ चार-आठ दिवस आला नाही की माणूस पुन्हा हातपंपाकडे वळतो, हे थांबायला हवे, यात दुमत नसावे.

उपाय पावसातच आहे

चोपण जमिनीवरचा सर्वांत जुना आणि खात्रीचा इलाज जिप्सम. त्यातले कॅल्शियम कणांवरच्या सोडियमला हुसकावते आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर निघून जातो. खारपाणपट्ट्यासाठी हेक्टरी अडीच टन जिप्समची शिफारस प्रचलित आहे. ते उन्हाळ्यात पसरून वरच्या थरात मिसळायचे म्हणजे पावसाळ्यात काम करते. पण सोडियमला बाहेर पडायला वाट नसेल तर जिप्समचा पैसा मातीत जातो. म्हणून आधी उताराला धरून चर, मग जिप्सम. त्याच्या जोडीला धैंचा किंवा बोरू पेरून फुलोऱ्याआधी गाडावा. त्याच्या मुळांनी माती मोकळी होते आणि कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड मातीतलीच थोडी चुनखडी विरघळवून कॅल्शियम परत मिळवून देतो. या पट्ट्यातल्या जमिनींवर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही काम केले आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ खारपाणपट्ट्याच्या अगदी कुशीत आहे.

पाण्यासाठी सगळ्यांत शहाणपणाची सोय मात्र मातीच्या दोषातूनच निघते. जी माती पाणी मुरू देत नाही, तिच्यातले शेततळे गळत नाही. दुसरीकडे शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो, इथे बहुधा नुसता खड्डाही पाणी धरतो. पावसाचे वाहून जाणारे गोडे पाणी त्यात अडवले, की हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी देता येते आणि बोअरची गरज उरत नाही. २०१८ पासून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातल्या ५,१४२ गावांत पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याची ९३२ गावे होती, आणि शेततळी हा त्यातल्या कामांचा महत्त्वाचा भाग होता. दोन पथ्ये पाळावीत. तळे इतके खोल नेऊ नये की खालचे खारे पाणी लागेल. आणि खोलातून निघालेली पिवळट, चुनखडीची माती वावरात पसरू नये, कारण सोडियम तिच्यातच जास्त असतो. ती बांधावरच राहू द्यावी.

खारपाणपट्टा शापित नाही, आणि तो गोडा करण्याचा एखादा एकरकमी तोडगाही नाही. मातीत चुनखडी बसण्याची क्रिया हवामान आहे तोवर चालू राहणार. तेव्हा इथल्या शेतकऱ्याने बोअरवर खर्च करण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. माती आणि पाणी दोन्हींची तपासणी करून सोडियमचा आकडा हातात घ्यावा, आणि आपल्या वावरातले जास्तीचे पाणी कुठून बाहेर जाणार याची वाट आधी खोदावी. सरकारनेही नवा कालवा आखताना हाच क्रम ठेवावा. आधी निचरा, मग पाणी.